बी-सतरा

नेसरी सोडल्यापासून आम्ही बोलत नव्हतो.
कारण एवढंसं, एक वळण चुकलं,
पण ते कुणी चुकवलं यावरून
एकोणीस वर्षांचा हिशेब निघाला.
चंदगड मागं पडलं. काजूच्या बागा, मग नुसती झाडी,
मग झाडीसुद्धा बोलेनाशी झाली.
शेवटी गाडीनंच तोंड उघडलं:
बॉनेटखालून लांबलचक शिट्टी
आणि वाफ.

धरणाच्या कामासाठी वसवलेली वसाहत होती ती.
धरण झालं, माणसं गेली,
रस्त्यांवर पाट्या राहिल्या: पहिला आडवा, दुसरा आडवा.
पोस्ट बंद. बँक बंद.
शाळेच्या भिंतीवर रंगवलेला भारत,
कर्नाटकाच्या खाली सगळे पोपडे.
दिवा एकच, तुळसाक्काच्या हॉटेलात,
तिथं कांदाभजी संपली होती
आणि मिसळ फक्त रविवारी.

इनास बारदेस्कर लुनावरून आला.
डॉक्टर पोट दाबतात तशी
एकेक नळी दाबत गेला, गप्प.
मग हात पुसत म्हणाला,
"पट्टा तुटलाय. बेळगावास्नं मागवतो.
सकाळच्या यष्टीत ड्रायव्हरकडं देतील."
"आणि आज?"
"आज काय? आज हाईसा की हितं."

तुळसाक्कानं खिळ्यावरची किल्ली काढली,
लाकडी बिल्ला, त्यावर बी-सतरा.
"लाईट हाय. पाणी बादलीत भरलंय.
रात्री गवा येतो अंगणात.
काय करत न्हाई. बगतो नि जातो."
पैशांचं विचारलं तर म्हणाली,
"सरकारची खोली हाय, मी कशाला घेऊ?
जेवणाचे द्या."

भिंतीला कॅलेंडराएवढा चौकोन,
बाकीच्या भिंतीपेक्षा पांढरा.
आणि आतल्या दाराच्या चौकटीवर
पेन्सिलच्या रेघा, एकावर एक:
हेमू, जून ८३.
हेमू, जून ८४.
हेमू, जून ८५.
वर नुसतं लाकूड.
"बदली झाली असेल," मी म्हणालो.
नेसरीनंतरचं माझं पहिलं वाक्य.
"असेल," ती म्हणाली.
तिचं पहिलं.

आमच्या घरात अशी चौकट नाही.
म्हणजे चौकटी आहेत,
रेघा मारायला कुणी झालं नाही.
हे आम्ही तिथं बोललो नाही, इथंही बोलत नाही.
ती चपला काढून दाराला पाठ लावून उभी राहिली,
टाचा चिकटवून, हनुवटी सरळ.
"मार," म्हणाली.
पेन्सिल नव्हती. तिनं केसांतला आकडा काढून दिला.
मी तिच्या डोक्यावर तळहात आडवा धरला,
लाकडावर ओरखडा काढला.
तारीख घालायची राहिली.

गवा आला तेव्हा दोन वाजले असतील.
बॅडमिंटनच्या कोर्टावर, जिथं जाळीचे दोन खांबच उरलेत,
तो मधोमध उभा राहिला, अंपायरसारखा,
पायांत पांढरे मोजे.
आम्ही खिडकीशी, एका शालीत, कारण शाल एकच होती.
त्यानं खरंच बघितलं. आणि गेला.
"बारा मण असेल," ती कुजबुजली.
मी जास्त सांगितलं. पहाटेपर्यंत त्यावर भांडलो,
हळू आवाजात.

सकाळी यष्टी आली, पट्टा आला,
कागदात गुंडाळलेला, वर मराठीत आणि कन्नडमध्ये इनासचं नाव.
त्यानं साडेतीनशे घेतले,
पन्नास परत द्यायला सुटे नव्हते म्हणून
पिशवीभर ओले काजू दिले.
घाट उतरताना माझे हात चिकाने काळे झाले.

गोव्यात समुद्र होता. जेवण बरं होतं.
आज गाडी धुवायला काढली तर
डॅशबोर्डच्या कप्प्यात, पावत्यांखाली,
लाकडी बिल्ल्याची ती किल्ली.
"पोस्टानं पाठवू," मी म्हणालो.
"तिथलं पोस्ट बंद आहे," ती म्हणाली,
आणि किल्ली परत कप्प्यात ठेवून
वरून पावत्या नीट पसरल्या.